अग्निबाणाचा मेंदू आणि त्याचें शुद्धिपत्र

(नभोवाणीवरील भाषण)



दिवाळीच्या रात्रीं अंगणांत बाटली ठेवून तींत उभा केलेला बाण आपण सर्वांनींच उडविला आहे. वात पेटली कीं तो सूं करीत वर जातो, आकाशांत चार ठिणग्या उधळतो, आणि मग त्याची काडी कोणाच्या कौलांवर, कोणाच्या गच्चीवर, तर कधीं कोणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडते. ती कोठें पडावी हें बाणाला ठाऊक नसतें, आणि खरें सांगावयाचें तर आपणांसही त्याची फारशी फिकीर नसते. काडी हलकी असते म्हणून हें निभावून जातें.

परंतु तोच बाण पुरुषभर उंचीचा असला, काडीच्या जागीं दोनतीन किलो वजनाची नळी असली आणि ती तीनशें मीटर उंच जाऊन उलट फिरली, तर काय होईल? हवेचा अडथळा हिशेबांतून वगळला, तर तीनशें मीटरांवरून सुटलेली वस्तु जमिनीवर पोंचतांना ताशी सुमारें पावणेतीनशें किलोमीटरांच्या वेगानें येते. हवेमुळें हा वेग कांहींसा कमी होतो खरा. पण ज्याच्या डोक्यावर ती नळी पडेल त्याला या सवलतीचा फारसा उपयोग होणार नाहीं. म्हणून हौशी अग्निबाणाच्या पोटांत हवाई छत्री ठेवावी लागते. आणि ती छत्री नेमकी कोणत्या क्षणीं उघडावयाची हें ठरविणारा एक लहानसा मेंदूही ठेवावा लागतो. हा मेंदू म्हणजे आगपेटीहून किंचित् मोठी अशी एक हिरवी पाटी, ज्याला आपण सर्किट बोर्ड म्हणतों. आज मी तुमच्याशीं बोलणार आहें तें या पाटीविषयीं, आणि विशेषेंकरून तिच्या चुकांविषयीं.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. अग्निबाणाचें इंधन घरीं कसें तयार करावें याविषयीं मी एक अक्षरही सांगणार नाहीं. स्फोटक द्रव्यांचा कायदा आपल्याकडे १८८४ सालापासून आहे. आणि तो नसता तरी स्वयंपाकघरांत असला उद्योग करणाऱ्यास शहाणा कोणी म्हटलें नसतें. शिवाय मी पनवेलचा राहणारा. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हांपासून आमच्या डोक्यावरचें आकाश विमानांच्या मालकीचें झालें आहे. तेथें हौशी माणसानें बाण सोडण्याची गोष्टही काढूं नये. उड्डाण करावयाचें तें रीतसर परवानगी मिळालेल्या मोकळ्या मैदानांत आणि जाणत्या माणसांच्या देखरेखीखालीं. पाटी मात्र पनवेलच्या घरांतील मेजावर खुशाल बनवितां येते; आणि मौज अशी कीं, तिच्या बहुतेक चुकाही त्याच मेजावर सांपडूं शकतात. त्या सांपडाव्या अशी आपली इच्छा मात्र असावी लागते.

ही पाटी म्हणजे आहे तरी काय? आपण हा आवाज ज्या कोणत्या यंत्रांतून ऐकत असाल त्याच्या पोटांत अशी एक पाटी आहेच. जुन्या रेडिओचें झांकण ज्यांनीं उघडून पाहिलें असेल त्यांना आंतील तारांचें जंगल आठवेल. ऑस्ट्रियांत जन्मलेले अभियंते पॉल आयस्लर यांनीं १९३६ च्या सुमारास लंडनमध्यें या जंगलाच्या जागीं एक छापील पाटी योजिली आणि तिच्यावर रेडिओ जुळवून दाखविला. काचतंतु आणि राळ यांची दीडएक मिलिमीटर जाडीची पाटी, तिच्यावर केंसाहूनही पातळ असा तांब्याचा पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यांतून नको तेवढें तांबें काढून टाकून मागें ठेवलेल्या वाटा, अशी आजही तिची घडण आहे. पूर्वीं हौशी मंडळी नकाशा हातानें रेखून पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यांत बुडवीत. आतां कीकॅडसारखा मोफत मिळणारा प्रोग्रॅम घेऊन संगणकावर नकाशा काढावयाचा, तो कारखान्याकडे धाडावयाचा, आणि पाट्या घरपोंच आल्या कीं हार्बरची गाडी धरून मुंबईस जावयाचें व लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधावयाचे. त्या रस्त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें झाल्याला पुष्कळ वर्षें लोटलीं. तरी रेझिस्टर आणि कपॅसिटर यांची पुडी घेणारा गिऱ्हाईक अजून जुनेंच नांव घेतो.

आतां या मेंदूला काम कोणतें? बाण शिखरावर पोंचला हें ओळखणें. झोपाळा वर जाऊन क्षणभर थबकतो, तसा बाणही शिखरावर थबकतो. तोच क्षण छत्रीचा. त्याआधीं ती उघडली तर वेगाच्या झोंतानें तिच्या चिंध्या होतात. फार उशीरा उघडली तरीही तेंच होतें.

आपणांस वाटेल, बाण थबकला हें त्याच्या आंतील यंत्राला जाणवत असेलच. तसें मुळींच नाहीं. इंधन संपलें कीं बाण हा फेंकलेल्या दगडासारखा होतो. वर जातांना, शिखरावर आणि खालीं येतांना त्याच्या पोटांतील प्रवेगमापकाला, हवेचा अडथळा सोडला तर, एकसारखें शून्यच भासतें. दोर तुटलेल्या लिफ्टमध्यें डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला आपण किती खालीं आलों हें सांगतां येणार नाहीं, तशीच ही अवस्था. म्हणून दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो, आणि तो म्हणजे हवेचा दाब. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारें १०१३ हेक्टोपास्कल असतो आणि आरंभींच्या दर १०० मीटर उंचीस तो सुमारें १२ नें उतरतो. पाटीवर ज्वारीच्या चारपांच दाण्यांएवढें एक दाबमापक असतें. तें सेकंदास पन्नास वेळां दाब वाचतें. दाब उतरत उतरत थांबला आणि पुन्हां चढूं लागला, कीं शिखर ओलांडलें असें समजावें. बाण जमिनीवरून सुटला ही साक्ष प्रवेगमापकाची, आणि तो शिखरावर पोंचला ही साक्ष दाबमापकाची. दोन्ही साक्षी जुळल्या कीं मेंदू मॉस्फेट नांवाचा एक विजेचा दरवाजा उघडतो, बॅटरीचा प्रवाह एका बारीक तारेंत शिरतो, तार तापते, चिमूटभर दारू पेटते आणि छत्री बाहेर फेंकली जाते. तीनशें मीटरांच्या उड्डाणांत इंधन संपल्यापासून शिखर येईपर्यंत सातआठ सेकंदच मिळतात. त्या वेळांत दुरुस्ती करतां येत नाहीं, विचारपूस करतां येत नाहीं.

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकतो. त्याच्या संघाच्या बाणासाठीं ही पाटी आमच्या घरीं तयार करावयाची असें ठरलें. पहिल्या आवृत्तीचे पांच नग आले. एका रात्रीं अकराच्या सुमारास शेवटचा भाग सोल्डर करून झाला. दारूच्या जागीं आम्ही एक चिमुकला दिवा जोडला होता. छत्रीचा हुकूम सुटला तर तो लागावा, एवढीच त्याची कामगिरी. पुतण्यानें बटण दाबलें. पाटी जागी झाली, दाब दाखवूं लागली, उंची दाखवूं लागली. तो आनंदानें म्हणाला, “काका, चालली!” मलाही आनंद झाला असता, पण बटण दाबतांक्षणींच तो दिवा लुकलुकल्यासारखा मला वाटला होता.

“पुन्हां दाब पाहूं,” मीं म्हटलें.

त्यानें पुन्हां दाबलें. दिवा लागला नाहीं. “काका, तुम्हांला भास झाला.” तिसऱ्या खेपेस कांहीं नाहीं, चौथ्या खेपेस कांहीं नाहीं. सातव्या खेपेस दिवा पुन्हां लुकलुकला, आणि या वेळीं तो आम्हां दोघांनींही पाहिला.

त्या दिव्याच्या जागीं दारूची पुडी असती, आणि बाणाचें टोक हातांत धरून कोणी मुलानें बटण दाबलें असतें, तर काय झालें असतें हें मीं बोलून दाखविलें नाहीं. बोलण्याची गरजही नव्हती. कारण शोधावयास दोन दिवस लागले. वीज सुरू होते आणि मेंदूंतील प्रोग्रॅम जागा होतो, या दोहोंमध्यें सेकंदाचा एक लहानसा अंश जातो. तेवढ्या वेळांत मॉस्फेटच्या दरवाजाला “बंद रहा” असें सांगणारा कोणीच नसतो. तो अधांतरीं लोंबकळतो. आसपासच्या विजेचा किंचित् स्पर्शही त्याला उघडावयास पुरतो. पुतण्या म्हणाला, “प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळींत दरवाजा बंद करून टाकतों, म्हणजे झालें. नवी पाटी मागवली तर आमची तारीख चुकेल.” पण प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीं जें घडतें त्याला प्रोग्रॅमची पहिली ओळ काय करणार? तो दिवसभर माझ्याशीं धड बोलला नाहीं. सायंकाळीं मात्र त्यानें आपण होऊन एक रेझिस्टर घेतला, तो दरवाजा आणि ऋण टोंक यांच्यामध्यें हातानें जोडला, आणि बटण शंभर वेळां दाबून पाहिलें. दिवा एकदांही लागला नाहीं. त्या रेझिस्टरची किंमत एका रुपयाच्या आंतबाहेर असेल.

त्याच रात्रीं आम्ही एक वही घातली. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटीं शुद्धिपत्र असे. अमुक पृष्ठ, अमुक ओळ, अशुद्ध काय, शुद्ध काय. तसेंच वहीचें पान आंखलें आणि पहिली नोंद केली. दुसऱ्या आवृत्तींत तो रेझिस्टर पाटीवर कायमचा बसला. शिवाय दारूच्या तारेसाठीं एक स्वतंत्र कळ आली. बाण उड्डाणाच्या घोडीवर उभा राहून माणसें दूर होण्याची वेळ आल्यावांचून ती लावावयाची नाहीं, असा नियम झाला.

दुसऱ्या आवृत्तीची चूक निराळी होती. चिमुकल्या दिव्याऐवजीं आम्ही स्कूटरचा दिवा जोडला. थंड असतांना त्याची तार पहिल्या क्षणीं कितीतरी अधिक प्रवाह ओढते. दारू पेटविणारी तारही तशीच अधाशी असते. हुकूम सुटला, दिवा लखकन् लागला, आणि त्याच क्षणीं पाटी बेशुद्ध पडली. बॅटरीचा सारा जोर दिव्याकडे गेला आणि मेंदू उपाशी राहिला. शुद्धीवर आल्यावर आपण आकाशांत होतों हेंच तो विसरला आणि जमिनीवर असल्याप्रमाणें स्वस्थ बसला. ज्या बाणाला शिखरावर लहान छत्री आणि खालीं आल्यावर मोठी छत्री अशा दोन उघडावयाच्या असतात, त्याची दुसरी छत्री या विसराळूपणामुळें कधींच उघडली नसती. तिसऱ्या आवृत्तींत मेंदूला आणि दिव्याला वेगवेगळ्या बॅटऱ्या दिल्या.

तिसऱ्या आवृत्तींत जागा वांचविण्यासाठीं प्रवेगमापक पाटीच्या पाठीवर नेला, आणि तेथें तो उलटा बसला. नकाशांत तो बरोबर दिसत होता. पण वस्तु पाठीवर गेली कीं आरशांतल्याप्रमाणें तिची एक दिशा फिरते, हें आमच्या ध्यानांत राहिलें नाहीं. बाण वर सुटला तर आपण खालीं चाललों असें त्याला वाटलें असतें. ही चूक पकडावयास कोणतेंही महागडें यंत्र लागलें नाहीं. पाटी उभी धरली. उणें एक आलें. उलटी धरली, अधिक एक आलें. व्हावयास हवें होतें नेमकें याच्या उलट.

ही चूक पोरकट वाटून आपण हंसाल. पण अमेरिकेच्या ‘जेनेसिस’ या अवकाशयानाची कथा ऐका. सूर्याकडून वाहत येणारे कण गोळा करण्यासाठीं तें ऑगस्ट २००१ मध्यें निघालें आणि ते कण घेऊन ८ सप्टेंबर २००४ रोजीं पृथ्वीवर परत आलें. त्याची कुपी छत्रीनें तरंगत खालीं यावयाची आणि हेलिकॉप्टरनें ती हवेंतच अलगद झेलावयाची, अशी सिद्धता होती. छत्री उघडलीच नाहीं. ताशी तीनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें कुपी युटाच्या वाळवंटांत आदळली. चौकशींत निघालें तें असें: वातावरणांत शिरतांना बसणारा धक्का ओळखून छत्रीला हुकूम देणाऱ्या लहानशा कळा नकाशांतच उलट्या काढल्या होत्या, आणि ज्या परीक्षेंत ही गोष्ट उघड झाली असती ती परीक्षा झाली नव्हती. फुटलेल्या तबकड्यांचे तुकडे वेंचून शास्त्रज्ञांनीं पुष्कळ ज्ञान वांचविलें, हें त्यांचें कौशल्य. परंतु तीन वर्षांच्या प्रवासाचा शेवट एका उलट्या कळेनें ठरविला. आमच्या वहींत या कथेस एक सबंध पान दिलें आहे.

चौथी आवृत्ति घेऊन आम्ही कर्नाळ्यास गेलों. पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें दहाबारा किलोमीटरांवर अभयारण्यांतून वर चढणारा हा किल्ला. त्याचा अंगठ्यासारखा सुळका गाडींतूनही ओळखूं येतो. बाण उडवावयाची सोय नसली तरी दाबमापकाला उंच न्यावयास आपले पाय आहेतच. झाडींतून चढतांना दाब शिस्तीनें उतरत होता. माथ्याजवळ उघड्यावर येतांच मात्र उंचीनें एकदम पंधरावीस मीटरांची उडी मारली. आम्ही तर जागच्या जागीं उभे! मीं पाटीवर टोपी धरली, उंची पूर्ववत् झाली. टोपी काढली, पुन्हां उडी. दाबमापकाला हवा मिळावी म्हणून त्याच्या टोपणाला एक बारीक छिद्र असतें. त्या छिद्रांतून ऊन आंत शिरून त्याला चकवीत होतें.

पुतण्या म्हणाला, “बाणाच्या नळींत अंधारच असतो कीं.” पण नळीलाही हवेसाठीं भोकें पाडावीं लागतात, आणि बाण वर जातांना स्वतःभोंवतीं फिरतो. भोंकांतून क्षणभर आलेली तिरीप छिद्रावर पडून सरली कीं, भर वेगांत वर जाणाऱ्या मेंदूला आपण खालीं आलों असें वाटावयाचें आणि नको त्या क्षणीं छत्री उघडावयाची. उपाय साधा होता. हवा जाऊं देणारा काळ्या फोमचा तुकडा छिद्रावर बसविला. आणि दाब क्षणभर वाढला एवढ्यावरून हुकूम सोडावयाचा नाहीं, तो कांहीं वाचनें सतत वाढलेला दिसला पाहिजे, अशी अट प्रोग्रॅमला घातली.

आणखी एक परीक्षा अशी आहे कीं ती गृहिणींच्या सहकार्यावांचून होत नाहीं. लोणच्याची रिकामी कांचेची बरणी घ्यावयाची, पाटी आंत ठेवावयाची, झांकणांतून नळी घालून लहान पंपानें हवा ओढावयाची. दाब उतरतो, मेंदूला वाटतें आपण चढत आहों. मग नळी हळूच मोकळी करावयाची. हवा आंत शिरूं लागतांच दिवा लागला पाहिजे. आधीं नाहीं, फार मागाहूनही नाहीं. आमच्या घरची बरणी सहा महिने या शास्त्राच्या सेवेंत होती, आणि तींत पुन्हां लोणचें घालण्यास वहिनींनीं साफ नकार दिला आहे.

पनवेलच्या पावसाळ्यानेंही एक नोंद करविली. जुलईंत कपाट उघडलें तों पाटीवर सोल्डरच्या सांध्यांपाशीं पांढुरका थर दिसला आणि आंकडे भरकटूं लागले. सोल्डर करतांना वापरलेल्या रसायनाचा चिकट अंश राहिला होता. त्यानें दमट हवेंतील पाणी शोषून घेतलें आणि विजेला चोरवाट करून दिली. तेव्हांपासून प्रत्येक पाटी अल्कोहोलनें धुवावयाची आणि तिच्यावर रोगणाचा पातळ हात द्यावयाचा, असा प्रघात पडला. मात्र दाबमापकाचें छिद्र तेवढें झांकून.

आमच्यासारख्या हौशी माणसांना एक मोठी सवलत आहे. आमची पाटी पुन्हां मेजावर येते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं घडविलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेला. त्याचें वजन एक किलोहूनही किंचित् कमी होतें. त्याच वर्षीं २६ सप्टेंबरला मुंबईच्या आय.आय.टी.च्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला. एवढ्याशा डब्याला विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या इतकीं वर्षें कां लागावीं, असें पुष्कळांस वाटलें असेल. कारण हेंच. एकदां वर गेलेल्या पाटीची पुढची आवृत्ति काढतां येत नाहीं. तिचें शुद्धिपत्र जमिनीवरच पुरें व्हावें लागतें, आणि तें पुरें करणारा विद्यार्थी पुष्कळदां उड्डाणापूर्वींच पदवी घेऊन निघून गेलेला असतो.

माझी वेळ संपत आली. पांचव्या आवृत्तीची हकीकत सांगून मी आपली रजा घेतों. ती गेल्या हिवाळ्यांत परवानगीच्या मैदानांतून उडाली. मी तेथें नव्हतों. दुपारीं पुतण्याचा फोन आला. “काका, छत्री उघडली. बाण शेतांत अलगद उतरला.”

“शाबास,” मीं म्हटलें. “वहींत कांहीं लिहिलेंस?”

“तीन गोष्टी,” तो म्हणाला. “बॅटरीची जोडणी धक्क्यानें सैल झाली होती. पाटीवरचा खुणेचा दिवा उन्हांत दिसतच नाहीं. आणि शेवटच्या दोन सेकंदांची नोंद मिळाली नाहीं; कां तें अजून कळलें नाहीं.”

छत्री उघडल्याच्या बातमीनें मला आनंद झालाच. परंतु ज्या मुलानें पहिल्या रात्रीं “तुम्हांला भास झाला” म्हटलें होतें, तोच आतां यशाच्या दिवशीं आपल्या पाटीच्या तीन चुका न विचारतां मोजून दाखवीत होता, याचा मला अधिक संतोष वाटला. आपल्याही घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी मेजावर अशीच पाटी घेऊन बसत असेल. ती रात्रीं अकरा वाजतां “चालली!” म्हणून ओरडेल, तेव्हां तिचें कौतुक अवश्य करा, आणि मग शेजारीं बसून म्हणा, “पुन्हां दाब पाहूं.”